क्रॉस ट्रेनरच्या भुसभुशीत झालेल्या ग्रिप घरच्या घरी बदलताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला क्रॉस ट्रेनर (उभे राहून हात-पाय एकत्र हलवण्याचे व्यायामयंत्र) आहे. त्याच्या हलणाऱ्या दांड्यांवरील काळा फोम भुसभुशीत झाला असून व्यायाम संपल्यावर तळहात काळे होतात. मधल्या स्थिर हँडलवरील रबरासारखे आवरण चिकट झाले आहे. आणि विक्रेता ते मॉडेल बंद झाल्याचे सांगून हात झटकतो. जुन्या फोमवरूनच टेप गुंडाळली तर चालेल का, नवी ग्रिप कोणत्या मापाची घ्यावी आणि ती कशाने चिकटवावी, असे प्रश्नकर्त्याने विचारले आहे.

तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी एकेका वाक्यात देतो, कारणे पुढे येतीलच. जुन्या फोमवरून टेप गुंडाळू नये. ग्रिपचे माप मॉडेलवर अवलंबून नसून पाइपच्या बाहेरील व्यासावर अवलंबून असते, त्यामुळे मॉडेल बंद पडल्याने आपले काही अडत नाही. आणि माप योग्य असेल, तर फोमची नळी पाइपवर स्वतःच्याच ताणाने घट्ट बसते, तिला चिकटवावे लागत नाही. व्यायामाच्या यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामात ग्रिप फिरते, सरकते किंवा महिनाभरात सैल होते अशा ज्या तक्रारी येतात, त्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा दोनच गोष्टी सापडतात: चुकीचा आतील व्यास आणि नीट न पुसलेला पाइप. गोंदाची कमतरता हे कारण क्वचितच असते.

टेपचा मोह समजण्यासारखा आहे, कारण काम दहा मिनिटांत होते आणि दिसायलाही नीटनेटके दिसते. परंतु फोम जेव्हा भुसभुशीत होतो, तेव्हा त्याची पाइपवरची पकडही गेलेली असते. वरून कितीही घट्ट टेप गुंडाळली, तरी ती फोमला धरते आणि फोम मात्र पाइपवर मोकळाच राहतो. जोर लावताच दोन्ही एकत्र फिरतात. याहून गंभीर बाब अशी की, फोमच्या आत मुरलेला घाम टेपमुळे कोंडला जातो आणि खालच्या लोखंडाचे काय झाले आहे, हे कोणालाच दिसत नाही.

फोम का झडतो, हे थोडे समजून घेतले तर नवीन फोम निवडणे सोपे जाते. या ग्रिप बहुधा नायट्राइल रबर आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाच्या फोमच्या असतात. हे मिश्रण तेल आणि घाम बऱ्यापैकी सोसते, परंतु सततच्या उन्हापुढे टिकत नाही. आधी पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात आणि मग तुकडे सुटू लागतात. ईपीडीएम रबराच्या फोमचे वागणे याच्या उलट असते. ते ऊन उत्तम सोसते, पण तेलाने फुगते. म्हणून यंत्र खोलीत असेल, तर नायट्राइलचा फोम घ्यावा. ते बंदिस्त बाल्कनीत किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये असेल आणि रोज ऊन लागत असेल, तर ईपीडीएमचा फोम मागावा, आणि मग डोक्याला तेल लावून त्याच हातांनी ग्रिप धरण्याची सवय सोडावी. तिसरा एक प्रकार पॉलियुरेथेनचा असतो, जो हाताला सर्वांत मऊ लागतो, पण दमट हवेत त्याचे रासायनिक विघटन होते. मुंबई, ठाणे किंवा कोकणपट्टीतील घरासाठी तो मी सुचवणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. हलणारा दांडा यंत्रापासून सोडवता येत असेल तर सोडवावा, कारण जमिनीवर टेकवलेल्या दांड्यावर फोम चढवणे उभ्या यंत्रावर चढवण्यापेक्षा कितीतरी सोपे असते. बोल्ट सैल करण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही भागांवर चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावून पेन्सिलीने एक सलग रेघ मारून ठेवावी, म्हणजे परत बसवताना कोन बदलत नाही. डावा आणि उजवा दांडा सारखाच दिसत असला, तरी वाक उलट असतो, म्हणून त्यांवरही खूण असावी. विजेवर चालणाऱ्या कोणत्याही यंत्राचा प्लग आधी काढावा, हे सांगायला नको, पण ट्रेडमिलच्या बाबतीत ते मुद्दाम सांगतो, कारण तेथे लोक केवळ सेफ्टी की (पट्टा तत्काळ थांबवणारी किल्ली) काढून थांबतात.

जुना फोम ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. कागद कापण्याचे कटर जवळजवळ आडवे धरून, पाते शरीरापासून दूर जाईल अशा दिशेने, फोम लांबीच्या दिशेने उभा चिरावा आणि सोलून काढावा. त्याच पाइपवर हृदयाचे ठोके मोजणाऱ्या धातूच्या पट्ट्या असतील, तर पट्टीच्या दोन बोटे अलीकडेच चीर थांबवावी. पट्टीची वायर पाइपला पाडलेल्या लहान छिद्रातून आत जाते आणि नेमकी त्या छिद्राशी ती फोमखाली उघडी असते. फोम निघाल्यावर पाइपवर काळा चिकट थर उरतो. तो जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने खरवडावा आणि उरलेला टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावा. थिनर वापरला तर पाइपचा रंगही निघतो. पेट्रोल तर घरात वापरूच नये. टर्पेंटाइन स्वतः मागे एक तेलकट थर सोडते, म्हणून शेवटचे पुसणे औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सर्जिकल स्पिरिटनेच झाले पाहिजे. हे शेवटचे पुसणे टाळणारे बरेच असतात आणि पुढे ग्रिप फिरते म्हणून गोंद शोधत बसतात.

पाइप उघडा झाला की लगेच नवी ग्रिप चढवू नये. त्याच्याकडे नीट पाहावे. क्रॉस ट्रेनरचा दांडा उभा असल्यामुळे घाम फोममधून खाली उतरतो आणि फोमच्या खालच्या कडेशी साठतो. गंज नेमका तेथेच कड्यासारखा धरतो. वरचा सगळा पाइप चकचकीत आणि खाली दोन बोटे रुंदीचा तांबूस पट्टा, हे दृश्य जवळपास प्रत्येक जुन्या यंत्रावर दिसते. त्या पट्ट्यावर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोर देऊन टोचून पाहावे. टोक नुसते घसरत असेल तर गंज वरवरचा आहे. पापुद्रे सुटत असतील, खळगा पडत असेल किंवा टोक आत जात असेल, तर तो पाइप आता वजन घेण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. अशा दांड्यावर नवी ग्रिप चढवणे म्हणजे दोष झाकणे होय. दांडा यंत्रापासून सोडवून लोखंडी पाइपचे वेल्डिंग करणाऱ्या चांगल्या फॅब्रिकेटरकडे न्यावा आणि तेवढा तुकडा त्याच व्यासाच्या व जाडीच्या पाइपने बदलून घ्यावा. दांडा यंत्राला जोडलेला असताना वेल्डिंग करू देऊ नये, कारण त्यातील प्रवाहाने डिस्प्लेचे सर्किट निकामी होऊ शकते.

वरवरचा गंज १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आणि मग ३२० नंबरच्या पेपरने घासून काढावा, धूळ पुसावी, रेड ऑक्साइड प्रायमरचा एक पातळ हात द्यावा आणि त्यावर हवा असल्यास ऑइल पेंटचा तितकाच पातळ हात. रंग जाड झाला तर व्यास बदलतो. येथे घाई अजिबात करू नये: वरून कोरडा वाटणारा रंग आत काही दिवस ओला असतो, आणि अशा रंगावर फोम चढवला तर स्पिरिटने तो सुटतो, फोमला चिकटतो आणि दोन्ही वाया जातात. नखाने दाबल्यावर वण उठेनासा होईपर्यंत थांबावे.

माप हा या सगळ्या कामाचा कणा आहे. व्यास मोजण्याचे व्हर्निअर कॅलिपर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर कागदाची बोटभर रुंद पट्टी उघड्या पाइपभोवती घट्ट गुंडाळून, जेथे ती एकमेकांवर येते तेथे टाचणीने दोन्ही थरांतून भोक पाडावे, पट्टी सरळ करून दोन भोकांमधील अंतर मोजावे आणि त्याला ३.१४ ने भागावे. दोरा वापरू नये, तो ताणला जातो. अंतर ७० मिलिमीटर आले तर पाइप २२ मिलिमीटरचा, ८० आले तर २५ चा, ८८ आले तर २८ चा आणि १०० आले तर ३२ चा समजावा. घरगुती यंत्रांवर बहुधा हेच व्यास आढळतात. अधूनमधून ३८ चाही असतो, तेव्हा अंतर १२० च्या आसपास येते. वाकवलेला पाइप वाकाशी किंचित लंबगोल होतो, म्हणून माप दोन ठिकाणी घ्यावे.

फोम ग्रिपचा आतील व्यास पाइपच्या व्यासापेक्षा दोन ते चार मिलिमीटरने कमी हवा. २५ च्या पाइपला २२ चे छिद्र असलेला फोम उत्तम बसतो. ३२ च्या पाइपला २८ किंवा २९ चा. दुकानात सर्वांत जास्त घोटाळा येथेच होतो. ‘पंचवीसची ग्रिप’ असे म्हटल्यावर एक दुकानदार २५ च्या पाइपसाठीची ग्रिप देतो आणि दुसरा २५ चे छिद्र असलेली देतो. ही दुसरी ग्रिप सुरुवातीला सुळकन चढते, बरी वाटते आणि आठवडाभरात फिरू लागते. म्हणून छिद्राचे माप स्पष्ट विचारावे आणि शक्य असल्यास पाइपच्या व्यासाचा एखादा तुकडा सोबत न्यावा.

फोमच्या भिंतीची जाडीही पाहावी. २५ च्या पाइपवर पाच मिलिमीटर जाडीचा फोम चढवला की बाहेरील व्यास साधारण ३५ होतो, आणि ३० ते ४० मिलिमीटरचे हँडल बहुतेकांना आरामात धरता येते. हात लहान असतील तर तीन मिलिमीटरचा फोम घ्यावा. बोटांच्या सांध्यांचे दुखणे असलेल्यांना मात्र थोडी जाड ग्रिप सोयीची वाटते, कारण मूठ पूर्ण आवळावी लागत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवण्यासाठी जी काळी इन्सुलेशनची नळी मिळते, ती ग्रिप म्हणून वापरण्याचा सल्ला हल्ली बरेच जण देतात. ती स्वस्त असते आणि कोणत्याही एसी मेकॅनिककडे मिळते, हे खरे. परंतु तिची भिंत सहसा ९ किंवा १३ मिलिमीटरची असते, म्हणजे २५ च्या पाइपवर बाहेरील व्यास ४३ किंवा ५१ होतो, आणि ती इतकी मऊ असते की ओढण्याच्या जोराने मुठीतच पिळवटून फाटते. नुसता हात टेकवण्याच्या कठड्याला ती चालेल, क्रॉस ट्रेनरच्या दांड्याला नाही.

पाइप २२ मिलिमीटरचा निघाला तर आपण नशीबवान आहात, कारण सरळ हँडलच्या सायकलींचे माप तेच असते आणि सायकलच्या दुकानातील कोणतीही चांगली रबर ग्रिप त्यावर बसते. इतर मापांसाठी यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे किंवा ऑनलाइन शोधावे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळीत फिरलात तर रबर आणि हार्डवेअरच्या दुकानांत मापाप्रमाणे कापून देणारा कोणीतरी भेटतोच. लांबी जुन्या ग्रिपपेक्षा एक सेंटिमीटर जास्त घ्यावी.

फोम चढवण्याची कृती एकदा हाताला कळली की अवघड नाही. फोमचे एक तोंड बोटाने बंद करून आत थोडे सर्जिकल स्पिरिट ओतावे, नळी हलवून ते सगळीकडे लागू द्यावे आणि तेच पाइपवरही पुसावे. मग न थांबता एका दमात फोम चढवावा. फोम पुढच्या टोकाशी धरून ओढला की तो लांबतो, त्याचा व्यास कमी होतो आणि तो पाइपला अधिकच आवळतो. मागच्या टोकाकडून ढकलला की तो आखडतो, त्याचा व्यास वाढतो आणि तो सरकतो. म्हणून नेहमी मागून ढकलावे, चुण्या पडू द्याव्यात आणि त्या चुण्या हाताने पुढे सरकवीत न्याव्यात. मध्येच थांबलात आणि स्पिरिट उडून गेले, तर फोम तेथेच अडकतो. अशा वेळी कडेखाली पातळ काडी घालून स्पिरिटचे आणखी काही थेंब सोडावेत. हे काम खिडकी उघडून आणि गॅस, समई, उदबत्ती यांपासून दूर करावे, कारण स्पिरिटची वाफ पटकन पेटते.

वाक जास्त असेल तर स्पिरिट अपुरे पडते, कारण ते उडून जाण्याआधी फोम वाकावरून पार होत नाही. तेव्हा भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे काही थेंब घातलेले पाणी वापरावे, पण मग ग्रिप दोन-तीन दिवस वापरायची नाही, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून अधिक. दुसरा मार्ग कॉम्प्रेसरचा. पंक्चरच्या दुकानात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये हवा मारण्याची गन असते. तिचे टोक फोमच्या कडेखाली सारून हवा सोडली की फोम फुगून पाइपपासून सुटतो आणि हवेच्या थरावर सहज सरकतो. यात काही वाळण्याचा प्रश्नच नाही. दांडा सोडवून नेण्याचे कष्ट घेतलेत, तर हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. फक्त दाब कमी ठेवायला सांगावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा.

तेल, ग्रीस, व्हॅसलीन किंवा गंज सोडवण्याचा स्प्रे यांपैकी काहीही फोमच्या आत लावू नये. मल्लखांबाच्या लाकडाला एरंडेल चोळतात ते घर्षण कमी व्हावे म्हणून, आणि ग्रिपच्या आत लावलेले तेलही नेमके तेच काम करते, फक्त येथे ते आपल्याला नको असते. फोम चढवताना ते उपयोगी वाटते, पण नंतर ते उडून जात नाही.

फोम जागेवर आला की मध्यापासून दोन्ही टोकांकडे हात फिरवून चुण्या काढाव्यात. ताणून बसवलेला फोम रात्रभरात आखडतो आणि टोकाशी उघडा पाइप दिसू लागतो, त्यासाठीच तो एक सेंटिमीटर अधिक घ्यायचा. दुसऱ्या दिवशी जास्तीचा भाग कटरने गोल कापावा आणि टोकाला प्लास्टिकचे बूच घट्ट बसवावे. जुने बूच तडकलेले असेल तर नवे घ्यावे. पाइपचे उघडे तोंड धारदार असते आणि घरात लहान मुले असतील तर नेमके त्यांच्या चेहऱ्याच्या उंचीवर येते.

गोंदाची गरज फक्त तेव्हा पडते, जेव्हा पाइपची दोन्ही टोके जोडलेली असतात आणि फोम सरकवून चढवताच येत नाही. तेव्हा उभा चिरलेला फोम घेऊन फेव्हिबाँडसारखा रबराचा गोंद पाइपला आणि फोमच्या आतील बाजूला, दोन्हीकडे, पातळ लावावा, दहा-पंधरा मिनिटे बोटाला न चिकटण्याइतका सुकू द्यावा आणि मग दाबून बसवावा. जोड हँडलच्या खालच्या बाजूस येईल असे पाहावे, म्हणजे तळहाताचा दाब त्यावर पडत नाही. फेव्हिक्विक वापरू नये. ते काचेसारखे कडक होते, फोम लवचीक राहतो, आणि पहिल्या पिळाबरोबर जोड तुटून कडा हाताला टोचतात.

आपल्या स्थिर हँडलचे प्रकरण वेगळे आहे. तेथील चिकट आवरण ही वेगळी ग्रिप नसून कडक प्लास्टिकवर चढवलेला मऊ थर असतो, आणि दमट हवेने तो थर विघटित होत आहे. पावडर लावल्याने दोन दिवस बरे वाटते, इतकेच. सर्जिकल स्पिरिटने भिजवलेल्या फडक्याने तो थर पुन्हा पुन्हा पुसून पूर्ण काढावा. काम कंटाळवाणे आहे, फडकी बरीच लागतात, पण खाली स्वच्छ कडक प्लास्टिक मिळते. त्यावर सायकलच्या हँडलची टेप किंवा बॅडमिंटनच्या रॅकेटची ओव्हरग्रिप गुंडाळावी. टोकापासून सुरुवात करून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर एक तृतीयांश चढवावा, ताण सारखा ठेवावा आणि शेवट इलेक्ट्रिशियनच्या चिकटपट्टीने बांधावा. धातूच्या पट्ट्या मात्र झाकू नयेत. त्या दोन्ही हातांमधून हृदयाचा अतिशय क्षीण विद्युत संकेत टिपतात. त्वचेचा थेट स्पर्श नसेल तर डिस्प्लेवर ठोके दिसणार नाहीत. टेप पट्टीच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडे संपवावी.

हीच पद्धत घरातील इतर साधनांना चालते, दोन अपवाद सोडून. दाराच्या चौकटीत बसवलेला पुल-अप बार आणि पोटाच्या व्यायामाचे चाक यांवर शरीराचे बरेच वजन येते, आणि तेथे ग्रिप फिरली तर माणूस पडतो. त्यांच्यासाठी फोमचे छिद्र चार मिलिमीटरने लहान असावे आणि बसवल्यावर पूर्ण दोन दिवस वापर टाळावा. बार ३० ते ३२ मिलिमीटरचा आणि सरळ असेल, तर क्रिकेटच्या बॅटची रबर ग्रिप हा फोमपेक्षा चांगला पर्याय आहे. खेळाच्या साहित्याच्या दुकानात ती शंकूच्या आकाराच्या साधनाने मिनिटभरात चढवून देतात. वजने ओढण्याच्या केबलच्या ज्या हँडलची नळी आतल्या दांड्यावर गोल फिरते, तेथे गोंद आत उतरणार नाही याची काळजी घ्यावी. आणि पकडीसाठी खाचा पाडलेल्या बारबेलला (वजने उचलण्याच्या दांड्याला) ग्रिप लावूच नये; ताठ ब्रशने खाचांतील मळ काढला की पकड परत येते.

सर्व बसवून झाल्यावर कोरड्या टॉवेलने ग्रिप दोन्ही हातांनी धरून उलटसुलट दिशांना जोराने पिळून पाहावी. ती फिरली, तर गोंद न शोधता ती काढावी आणि एक-दोन मिलिमीटरने लहान छिद्राची घ्यावी. दांडा परत जोडताना खुणेची रेघ जुळवावी, आणि आत नायलॉनचे कडे असलेले नट एकदा उघडल्यावर त्यांची पकड कमी होत असल्याने, ते नवेच घालावेत. पहिल्या आठवड्याच्या वापरानंतर हे सर्व बोल्ट पान्ह्याने पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.